अकरावी सही

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात नगरपालिकेची शार्का माझ्याकडे आली. ती सांस्कृतिक विभागात असते. दारात बूट काढले, मी पुढे केलेल्या सपाता घातल्या आणि टेबलावर खसखशीच्या कोलाच्यांचा, म्हणजे भरलेल्या गोड पावांचा, पुडा ठेवत म्हणाली, "ब्लाझेना बाई, आनंदाची बातमी. चौकात स्कोपाल मास्तरांचा पुतळा बसतोय. सतरा नोव्हेंबरला, लोकशाही दिनी."

"कोण बसवतंय?"

"नगरपालिका. म्हणजे खर्च चुन्याची कंपनी करतेय, पण पुतळा आपलाच."

मी चहाचं आधण ठेवलं. यारोमिर स्कोपाल यांना जाऊन चार वर्षं झाली होती. चार वर्षांत त्यांच्या थडग्याकडे नगरपालिकेचं एक माणूस फिरकलं नव्हतं. आणि ज्या चुन्याच्या भट्टीशी ते जन्मभर भांडले, तिचेच मालक आता त्यांना ब्राँझमध्ये ओतणार होते.

मास्तर आमच्या ओल्शिना गावच्या शाळेत भूगोल शिकवायचे. कम्युनिस्ट राजवटीत प्रागच्या काही लोकांनी सरकारविरुद्ध एक निवेदन काढलं, त्यावर यांनी सही केली, आणि शाळेनं यांना काढलं. मग इस्पितळाच्या बॉयलरमध्ये कोळसा लोटायचं काम मिळालं. त्र्याऐंशी साली भट्टीची धूळ इतकी वाढली की बालवाडीच्या खिडक्यांवर पोरं बोटानं नावं लिहायची. अर्धी पोरं रात्रंदिवस खोकत होती. मास्तरांनी मंत्रालयाला पत्र लिहिलं. मी तेव्हा भट्टीच्या वजनकाट्यावर कारकून होते आणि घरात माझा स्वतःचा टाइपरायटर होता. पातळ कागद, मध्ये कार्बन, एका वेळी नऊ प्रती. शेवटच्या प्रतीवर अक्षर उमटावं म्हणून इतकं जोरात ठोकायचं की नखं तुटायची. रेडिओ मोठ्यानं लावून माझ्या स्वयंपाकघरात ते पत्र टाइप झालं. अकरा जणांनी सह्या केल्या. मास्तरांचे चौदा महिने तुरुंगात गेले. भट्टीचा ट्रक चालवणारा रुडा माशेक नोकरीला मुकला, लायसन्सलाही मुकला, आणि मरेपर्यंत गावच्या कबरी खणत राहिला.

शार्कानं पिशवीतून एक मोठा कागद काढून पसरला. पुतळ्याशेजारी लावायच्या फलकाचा नमुना होता. वर मास्तरांचा फोटो, खाली 'धैर्याच्या अकरा सह्या', आणि अकरा नावं. मी नावं वाचत गेले. शेवटचं नाव माझं होतं.

"रुडा माशेक कुठंय?" मी विचारलं.

शार्का चमच्यानं साखर ढवळत राहिली. "गेलेल्या नोकरीच्या भरपाईचा त्यांचा कंपनीवर दावा होता ना, शेवटपर्यंत. कंपनीच्या लोकांचं म्हणणं पडलं की आनंदाच्या प्रसंगी तो विषय नको. आणि खरं सांगू का, ते पीतही फार होते. तुम्ही मात्र आहात, हयात आहात, पहिल्या रांगेत बसाल. दोन मिनिटं बोलाल. फक्त राजकारण नको हं."

मी तिला तिथल्या तिथं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. दोन दिवस तो कागद माझ्या टेबलावर पडून होता आणि जाता-येता मी त्यावर माझं नाव वाचत होते. लाज वाटते, पण सुखही वाटत होतं. मुलगी यित्का फोनवर म्हणाली, "आई, तू मला कधी बोललीच नाहीस!" आणि मी नुसती हसले.

तिसऱ्या दिवशी पावाच्या दुकानातून येताना नगरपालिकेच्या सूचनाफलकापाशी थांबले. सभेची विषयपत्रिका लागली होती. पहिला विषय: सभेच्या नियमांत दुरुस्ती. दुसरा: स्कोपाल स्मारक. सातवा: बालवाडीमागची जमीन चुना कंपनीला विकणे. जमिनीचं कळायला वेळ लागला नाही. कंपनीची चुनखडीची खाण आता पोरांच्या घसरगुंडीपर्यंत येणार होती. नियमांची दुरुस्ती मात्र मी चष्मा पुसून तीनदा वाचली. 'नागरिकांना आपले मत सभेच्या अखेरीस, सर्व विषयांवरील मतदान झाल्यानंतर, दोन मिनिटांच्या मर्यादेत मांडता येईल.'

माझ्या डोक्यात असा जाळ झाला की हातातली पिशवी खाली पडली.

कारण तो नियम मास्तरांचा होता. राजवट कोसळल्यावर गावानं त्यांनाच महापौर केलं, आणि त्यांनी पहिल्या सभेत पहिलं काम काय केलं, तर सभागृहाची दारं उघडली आणि लिहून ठेवलं की मतदानाआधी ज्याला बोलायचंय तो बोलेल. कुणीही. एकदा चौकात बाक कुठं ठेवायचे यावरून आम्ही तीन तास भांडलो होतो. शेवटी जिथं ठेवले तिथं दुपारभर ऊन येतं, आजही कुणी बसत नाही. पण ते आम्ही ठेवले होते, वरून कुणी आणून टाकले नव्हते. चार वर्षांनी लोक म्हणाले, मास्तर, पुन्हा उभे राहा. ते म्हणाले, "मी तिथं बसून राहिलो तर तुम्ही पुन्हा मान खाली घालायला शिकाल." आणि मग दर महिन्याला ते लोकांच्या बाकावर, पहिल्या रांगेत यायचे, पुढं छातीचं दुखणं जडलं तरी यायचे. गटारापासून ग्रंथालयापर्यंत प्रश्न विचारायचे. पुढच्या महापौरांना ते डोळ्यांसमोर नको असायचे. पण बोलू द्यावं लागायचं.

सभेला मी गेले. पंधरा सभासद, प्रेक्षकांत आम्ही सहा जण. महापौर राडोवान पोलाक. बेचाळिशीचा, नीटनेटका, सगळ्यांशी गोड. नियमाचा विषय येताच मी हात वर केला.

"बोला ब्लाझेना बाई," तो हसून म्हणाला. "अजून तरी जुनाच नियम आहे."

सभासदांत हशा झाला.

"मला एवढंच कळू द्या," मी म्हटलं, "मत पडून गेल्यावर आमचं ऐकून तुम्ही करणार काय? प्रेत पुरल्यावर डॉक्टर येतो का?"

"बाई, सभा रात्री दहा-दहापर्यंत चालतात. लोकांना घरं आहेत. आणि स्कोपाल मास्तर स्वतःच म्हणायचे, दुसऱ्याच्या वेळेचा मान राखणं ही लोकशाहीची पहिली पायरी."

"कधी म्हणाले?"

"म्हणजे, अशा अर्थाचं..."

"पोलाक, त्या माणसानं त्या काळात लिहिलेलं प्रत्येक वाक्य माझ्या या बोटांखालून गेलंय. दहा-दहा वेळा. हे त्यात नव्हतं."

तो म्हणाला, "आपल्या भावना आम्ही समजू शकतो." आणि हात वर करायला सांगितले. अकरा विरुद्ध चार. लगेच दुसरा विषय, स्मारक. त्याला पंधराच्या पंधरा. सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. मास्तरांच्या तोंडावर बोळा कोंबून, त्याच हातांनी त्यांच्यासाठी टाळ्या! सातव्या विषयाला मी पुन्हा हात वर केला तेव्हा पोलाक म्हणाला, "शेवटी, बाई, शेवटी." मतदान झालं. जमीन विकायचं ठरलं. शेवटी माझी पाळी आली तेव्हा समोर चारच जण होते आणि त्यातला एक फोनवर बोलत होता.

बाहेर हिनेक टोमन उभा होता. गावातला निवृत्त गुरांचा डॉक्टर, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, तोंडानं तिखट.

"काय करणार आता?" त्यानं विचारलं. "रडणार की मतदान मागणार?"

"कसलं मतदान?"

"गावाचं. जमीन विकायची की नाही. कायद्यात आहे. तीस टक्के मतदारांच्या सह्या लागतात. सहाशे नव्वद."

"सहाशे नव्वद! वेडा आहेस का? त्र्याऐंशी साली अकरा मिळवायला मास्तरांना सहा आठवडे लागले."

"तेव्हा तुरुंग होता. आता काय आहे?"

आता काय आहे, ते दारोदार फिरल्यावर कळलं. नाव, जन्मतारीख, पत्ता, सही. एवढंच मागत होतो. लोक दार उघडायचे, मास्तरांचं नाव निघालं की चेहरा उजळायचा, "फार मोठा माणूस" म्हणायचे, आणि कागद पाहिला की हात मागं. एकाचा जावई खाणीत डंपर चालवतो. एकीच्या फुटबॉल क्लबला कंपनीनं कपडे दिलेत. एक तरणाबांड गडी मला म्हणाला, "आजी, तुमच्या काळात भांडायला काहीतरी होतं. आता सगळं मोकळं आहे, उगाच कशाला आरडाओरडा?" मी म्हटलं, "मोकळं आहे ना? मग कर सही." त्यानं दार लावून घेतलं.

एका दारात म्हातारा चेर्निक भेटला. भट्टीतला जुना पक्षसचिव. पंचाण्णवाच्या घरातला, पण चष्म्यामागे डोळे तसेच. कागद वाचून म्हणाला, "तुमच्या त्या मास्तरांवर अहवाल मीच पाठवला होता. आण पेन."

मी कागद छातीशी धरला. "तुमची सही मला नकोय."

"ब्लाझे," हिनेक हळूच म्हणाला, "मास्तरांनी त्र्याण्णव साली बालवाडीच्या छपराच्या समितीवर याला घेतलं होतं. आठवतंय?"

आठवत होतं. तेव्हा मी मास्तरांशी तीन महिने बोलले नव्हते. विचारलं तर म्हणाले होते, "तोही गळणाऱ्या छपराखालीच राहतो, बाई." मी कागद पुढे केला. चेर्निकनं सावकाश, सुंदर अक्षरात सही केली. जिना उतरताना माझे दात करकरत होते.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही नव्या वसाहतीतल्या इमारतीत गेलो. चौथ्या मजल्यावर राडका म्हणून एक तिशीची बाई. कडेवर मुलगी, मागं स्टोव्हवर बटाट्याचं सूप उकळत होतं. तिनं सगळं ऐकलं. खाण कुठपर्यंत येणार ते विचारलं. तिला राग आलेला दिसत होता. पेनही घेतलं. मग थांबली.

"या सह्या कोण कोण बघतं?"

"नगरपालिकेत द्याव्या लागतात."

"माझा नवरा तिथं मशीनवर आहे." तिनं पेन परत दिलं. "मला पटतंय सगळं, बाई. पण मला मूल आहे. माझी सही सोडून काहीही सांगा, मी करीन."

मी कशीबशी खाली आले आणि जिन्याच्या पायरीवर बसले. हिनेक घाबरला. "चक्कर आली का?"

"माझी सही सोडून काहीही सांगा," मी म्हटलं. "हिनेक, त्र्याऐंशी साली मास्तरांनी माझ्यापुढे पेन धरलं, तेव्हा मी हेच बोलले होते. यित्काला हायस्कूलला प्रवेश मिळायचा होता. नऊ प्रती ठोकल्या आणि सही केली नाही. माझ्या टेबलावरचं पेन रुडा माशेकनं उचललं. तो राहिलेली काट्याची पावती द्यायला घरी आला होता, सगळं वाचलं आणि उभ्या उभ्या सही केली. त्यालाही दोन पोरं होती."

हिनेक माझ्याशेजारी पायरीवर बसला. मग म्हणाला, "आणि फलकावर तुझं नाव आहे."

"हो. आणि मी ते राहू दिलंय."

दुसऱ्याच दिवशी मी शार्काकडे गेले. सगळं सांगितलं. तिचा चेहरा उतरला. पोरगी वाईट नाही. ती पोलाकच्या खोलीत जाऊन आली. "फलक ओतून झालाय, बाई. महापौर म्हणाले, एवढ्या-तेवढ्यासाठी आता नको. तसंही तुमच्याशिवाय ते पत्र निघालंच नसतं, म्हणाले."

एवढ्या-तेवढ्यासाठी. एका माणसाची नोकरी, लायसन्स, थंडीत गोठलेल्या मातीत चालवलेली कुदळ, म्हातारपणीचं पिणं. एवढं-तेवढं.

सतरा नोव्हेंबरला चौक भरला होता. थंडी कडक, पण ऊन होतं. मेणबत्त्या, झेंडे, पिंपातली गरम वाइन, आलोइसचं बँडपथक, पहिल्या रांगेत कंपनीचे तीन काळे कोट. पुतळ्यावरचं कापड ओढलं. मास्तर ओळखूच येईनात. तुरुंगात पडलेला पुढचा दात त्यांनी कधी बसवला नव्हता आणि हसताना ते मुद्दाम तोंड उघडं ठेवायचे. हे ओठ मिटलेले होते. पोलाकनं भाषण केलं: स्वातंत्र्य, धैर्य, जागरूक नागरिक. जागरूक नागरिक म्हणताना तो माझ्याकडे बघून हसला. मग मला माइक दिला.

"या फलकावर एक खोटं आहे," मी म्हटलं. आवाज माझा मलाच मोठा वाटला. "अकरावं नाव माझं लिहिलंय. मी सही केली नव्हती. मी घाबरले होते. अकरावी सही रुडा माशेकची होती. ज्याला तुम्ही सगळे दारुडा म्हणायचात आणि ज्यानं तुमच्या आई-बापांच्या कबरी खणल्या. त्याचं नाव काढलंय, कारण या फलकाचा खर्च ज्यांनी केला त्यांना ते चालत नव्हतं."

चौकात कुजबुज सुरू झाली. पोलाक माझ्या कोपरापाशी आला. "बाई, राजकारण नको ठरलं होतं."

"ठरलं होतं तुमचं. मी हो म्हटलं नव्हतं." मी माइक दोन्ही हातांनी धरला. "स्कोपाल मास्तरांनी या गावाला पुतळा दिला नाही. मतदानाआधी बोलायचा हक्क दिला. तो यांनी गेल्या महिन्यात काढून घेतला, आणि त्याच सभेत, दहा मिनिटांनी, या पुतळ्याला टाळ्या वाजवल्या! जिवंत असते तर आज ते पहिल्या रांगेतून हात वर करून बसले असते, आणि पोलाक त्यांना म्हणाले असते, शेवटी, मास्तर, शेवटी."

पोलाकनं बँडला खूण केली. मी पाहिलं. आलोइसनं छडी उचलली नाही. पोलाक पुन्हा खुणावून म्हणाला, "वाजवा ना!" आलोइस सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बाई बोलतायत. त्यांचं झालं की वाजवू."

 तेव्हा मात्र पुढं काय बोलायचं ठरवलं होतं तेच मी विसरले. एवढंच म्हणाले, की हिनेककडे कागद आहेत, भीती वाटत असेल तर मला कळतं, माझ्याएवढं कुणालाच कळणार नाही. पण घाबरून चाळीस वर्षं काय वाटत राहतं तेही मला माहीत आहे. मग माइक खाली ठेवला. कंपनीचे कोट निघून गेले होते. आलोइसनं वाजवलं, आणि वाइनच्या पिंपाशेजारी हिनेकच्या पुढं रांग लागली. माशेकचा धाकटा मुलगा माझ्यापाशी आला, पन्नाशीचा. म्हणाला, "बाई, हे चाळीस वर्षं आधी बोलला असतात तर बाबांनी ऐकलं असतं." आणि सही करून गेला. त्याचं म्हणणं खरं होतं.

डिसेंबरात आम्ही सातशे एकतीस सह्या दिल्या. नगरपालिकेनं त्रेपन्न बाद केल्या: कुणी पत्त्यात घराचा क्रमांक विसरला, कुणी जन्मसाल अर्धं लिहिलं. दुरुस्तीला सात दिवस. बर्फात हिनेक आणि मी पुन्हा त्याच पायऱ्या चढलो. तो शिव्या घालत होता आणि मी मोजत होते. राडकाकडे मी मुद्दाम गेले नाही. चौथ्या दिवशी तीच माझ्या दारात आली, मुलीचा हात धरून, सपाता न घालता तशीच उभी. "कागद आहे का अजून?" एवढंच म्हणाली. नवऱ्याला विचारलंस का, हे मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

मार्चमध्ये मतदान झालं. पस्तीस टक्के मतदार यायला हवे होते, सदतीस आले, आणि बहुतेकांनी विक्री नको म्हटलं. जमीन विकली गेली नाही. पोलाकनं स्थानिक वर्तमानपत्रात लिहिलं की आमच्या गावची लोकशाही किती परिपक्व आहे हे यातून दिसतं! मी ते पान चुलीत घातलं. एप्रिलमध्ये राडकाच्या नवऱ्याला खाणीतून दुसऱ्या गावच्या शाखेत पाठवलं, रोज सव्वा तासाच्या वाटेवर. कारण काही दिलं नाही. फलक अजून बदललेला नाही. 'प्रक्रिया चालू आहे'. माशेकच्या मुलानं एका रविवारी माझ्या नावावर चिकटपट्टी लावून वर बापाचं नाव लिहिलं. पालिकेचा माणूस ती काढतो, तो पुन्हा लावतो. मी त्याला पट्टीचं रीळ आणून दिलंय.

आणि सभेचा नियम तसाच आहे. मंत्रालयाकडे तक्रार केली, पोच आली, उत्तर नाही. पण आता आम्ही सहा जण नसतो. तीस-पस्तीस असतो, कधी आलोइस, कधी राडका. शार्का मागं भिंतीला टेकून उभी असते. सगळे विषय, सगळी मतदानं बसून ऐकतो. गेल्या सोमवारी नऊ वाजता माझी पाळी आली. सभासद उठायला लागले होते, पोलाकचा एक हात कोटाच्या बाहीत गेला होता.

"कोट काढा, पोलाक," मी म्हटलं. "माझी दोन मिनिटं अजून सुरू व्हायचीत. आणि माझ्यामागं हे एकतीस जण आहेत."